उताऱ्यावरील डिजिटल स्वाक्षरी
निपाणी, चिकोडी भागातील शेतकऱ्यांस ‘भूमी’ योजनेतील संगणकीय उतारा परिचित आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. अशा स्वाक्षरीस माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये मान्यता आहे. संगणक प्रथम मजकुराचा २५६ बिटांचा ठसा काढतो व अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीने त्यावर स्वाक्षरी करतो. क्षेत्राचा एक अंक जरी बदलला, तरी ठसा जुळत नाही. हे गणित कार्यालयाने स्वतः रचू नये. ते हौसेचे काम नव्हे. तपासणी झालेला गूढलेखन-संचच वापरावा. मात्र अशा संचातूनही २०१७ साली भेदली गेलेली ‘शा-१’ पद्धत निवडल्यास प्रमाणपत्र व्यर्थ होय. किल्ली ‘फिप्स १४०’ मानकाच्या टोकनमध्ये असावी आणि टोकन लिपिकाकडे सोपवू नये. छापील प्रतीवरून स्वाक्षरी पारखता येत नाही. त्यासाठी मूळ फाइलच हवी.