फवारणीनंतर लाळ गळू लागली तर



चिंचेचे नाव काढले की तोंडाला पाणी सुटते. हे काम नसांचे. कानापुढच्या लाळग्रंथीला मेंदूच्या नवव्या नसेकडून हुकूम येतो, जबड्याखालच्या व जिभेखालच्या ग्रंथींना सातव्या नसेकडून. नसेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते आणि ग्रंथी पाझरते. लगेच दुसरे एक द्रव्य त्याचा निकाल लावते. सरी भरली की आपण पाणी बंद करतो, तसेच हे.

क्लोरपायरीफॉससारखे फॉस्फरसयुक्त कीटकनाशक अंगात भिनले की पाणी बंद करणारे हे द्रव्यच निकामी होते. मग लाळ गळत राहते, दरदरून घाम फुटतो, डोळ्यातली बाहुली बारीक होते, छातीत कफ दाटून श्वास कोंडतो. यात जीव जातो.

तेव्हा ऊन लागले म्हणून माणसाला झोपवून ठेवू नका. हातमोजे घालून त्याचे कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा. तिथे ॲट्रोपीनचे इंजेक्शन देतात. ते ग्रंथींपर्यंत येणारा हुकूम अडवते, लाळ व कफ आटतो.

फवारणी करणाऱ्या गड्याला आणि घरच्यांनाही हे सांगून ठेवावे, ही आमची विनंती.