विश्लेषण : महाडच्या घरात ‘निमो’ पाळावा का? खारं पाणी, वीज आणि प्रवाळाचा कायदा काय सांगतो?

महाड औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, सांभाळणाऱ्या माझ्या कॉलेजच्या मित्राचा गणपतीत फोन आला. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला ‘निमो’ हवा होता. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा क्लाउनफिश २००३च्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटामुळे घराघरांत पोहोचला. मित्राला वाटत होतं, काचेची टाकी, थोडे प्रवाळ, दोन मासे, झालं. मी इंजिनीअरिंग केलं असलं तरी मासे पाळणारा नाही. त्यामुळे वाचावं लागलं, विचारावं लागलं. त्यातून जे हाती आलं ते महाड-पोलादपूरच नव्हे, तर किनाऱ्यापासून आत राहणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

सावित्रीच्या खाडीचं पाणी चालेल का?

पहिला प्रश्न तोच होता, कारण भरतीचं पाणी सावित्रीतून थेट महाडच्या जवळपास येतं. उत्तर : नाही. वसाहतीतलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी याच खाडीत सोडलं जातं, हे माझ्या मित्राला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण ते नसतं तरी अडचण होतीच. खाडीच्या पाण्याचा खारेपणा भरती-ओहोटीप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलतो, पावसाळ्यात तर ते जवळजवळ गोडं होतं. क्लाउनफिश प्रवाळ खडकांच्या समुद्रातला मासा. त्याला लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेलं, वर्षभर न बदलणारं पाणी लागतं. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला १९५१मध्ये चौपाटीशेजारची जागा मिळाली होती. महाडमधल्या फ्लॅटला ती सोय नाही.

त्यामुळे पाणी घरीच तयार करावं लागतं. खास मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ घ्यायचं, स्वयंपाकाचं किंवा मिठागरातलं खडेमीठ नाही. आधी आरओचं पाणी घ्यायचं, तेही शक्यतो शून्य टीडीएसचं. घरातल्या पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी किंवा खनिजं परत मिसळलेली असतात, म्हणून ते जसंच्या तसं चालत नाही. शंभर लिटरच्या टाकीला सुरुवातीला साडेतीन-चार किलो मीठ लागतं. नंतर आठवड्याला दहा लिटर पाणी बदललं तर महिन्याला आणखी दीड किलो. आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर फेकतो, ते बादलीत धरून फरशी पुसायला वापरता येतं. टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्यांच्या तालुक्यात एप्रिल-मे महिन्यात हा हिशेब मनाला टोचतो, हेही सांगितलं पाहिजे.

आता एक छोटं गणित. टाकीतून दिवसाला एक लिटर पाण्याची वाफ होते असं धरू. पाणी उडतं, मीठ उडत नाही. सात दिवस लक्ष दिलं नाही तर शंभर लिटरचे त्र्याण्णव लिटर होतात आणि ३५चा खारेपणा साडेसदतीसच्या पुढे जातो. म्हणून रोजची भरपाई गोड्या पाण्यानेच करायची. नवीन माणूस इथे हमखास चुकतो आणि वर खारं पाणी ओततो. मासा तीन-चार दिवस उपाशी राहू शकतो. पाण्याची पातळी मात्र दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात तरी कुणीतरी पाहावीच लागते.

‘सायकल’ म्हणजे काय? हे ईटीपीवाल्याला का सांगावं लागत नाही?

फोनवर मी हा भाग समजावायला लागलो, तेव्हा मित्र हसला. ‘अरे, हे तर माझं रोजचं काम आहे.’

माशाच्या विष्ठेतून आणि श्वसनातून अमोनिया बाहेर पडतो. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरा त्या मानाने सौम्य. तो पाणी बदलून काढता येतो. वसाहतीतल्या एरेशन टाक्यांत हवा फुंकून जे जिवाणू जगवले जातात, त्यांचेच भाऊबंद इथे दगडाच्या छिद्रांत राहायला येतात. ते एका रात्रीत येत नाहीत. साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा टाकायचा नाही, अमोनियाचे थेंब किंवा थोडं खाद्य टाकून जिवाणूंना पोसायचं. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासा आणायचा. नवी टाकी म्हणजे सीडिंग न झालेला ईटीपी. त्यात पहिल्याच दिवशी पूर्ण लोड सोडला तर काय होतं, हे सुपरवायझरला विचारा.

माशांचे बहुतेक मृत्यू याच सहा आठवड्यांच्या घाईत होतात. दुकानदार सहसा ‘आजच घेऊन जा’ म्हणतो.

प्रवाळ घरात ठेवता येतात का?

खरी गोम इथे आहे. ‘रीफ टँक’चे सुंदर व्हिडीओ बहुतेक परदेशातले असतात. भारतात ११ जुलै २००१पासून सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. २०२२च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड आहे. प्रवाळ मेलेला असला, पांढराशुभ्र सांगाडा उरला असला, तरी सुटका नाही. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा दगडही बहुधा प्रवाळाचा सांगाडाच असतो. दगडी प्रवाळ ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. म्हणून ‘इम्पोर्टेड आहे, चालतं’ हे दुकानातलं वाक्य कागद पाहिल्याशिवाय मान्य करू नये. मालवणला स्नॉर्केलिंगला जाऊन पिशवीत घालून आणलेला तुकडा तर घरात ठेवण्याचा विचारही नको. तिथे १९८७पासून सागरी अभयारण्य आहे.

क्लाउनफिश मात्र या अनुसूचीत नाही. तो पाळणं हा गुन्हा नाही. मग ‘बंदी आली होती ना?’ असं अनेकांना आठवतं, आणि ते बरोबर आठवतं. मे २०१७मध्ये केंद्राने मत्स्यालय आणि माशांच्या दुकानांसाठी नियम काढले. त्यात दुकानात ठेवायला मनाई असलेल्या १५८ जातींची यादी होती आणि तीत क्लाउनफिशही होता. व्यापाऱ्यांनी ओरड केली, काही महिन्यांतच ते नियम मागे घेतले गेले. यादी चांगली होती की वाईट, यावर दोन मतं आहेत. माझं मत असं, की क्लाउनफिशच्या बाबतीत ती चुकीच्या जागी बोट ठेवत होती. कारण पुढच्या मुद्द्यात आहे.

समुद्रातून पकडलेला की हॅचरीतला?

शोभेच्या बहुतेक समुद्री माशांची पैदास कृत्रिमरीत्या होत नाही. ते प्रवाळ खडकांतून पकडले जातात. फिलिपिन्स, इंडोनेशियात त्यासाठी सायनाइडचा फवारा मारण्याची पद्धत कुप्रसिद्ध आहे. मासा गुंगतो, हाती लागतो, आणि आसपासचा प्रवाळ मरतो. क्लाउनफिश हा या सगळ्यातला मोठा अपवाद. तो टाकीत अंडी घालतो, नर अंड्यांची राखण करतो, पंखांनी त्यांना वारा घालतो आणि साधारण आठवड्याभरात पिल्लं बाहेर येतात. सुरुवातीला त्यांना रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव खायला लागतात, आणि त्या रोटिफरना शैवाल. काही दिवसांत पट्टे उमटू लागतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने (सीएमएफआरआय) विळिंजम आणि मंडपम येथे हे तंत्र अनेक जातींसाठी बसवलं आहे.

महाराष्ट्रातही हे काम चालतं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात, जिथून फ्लेमिंगो पाहायला बोटी सुटतात तिथेच, मँग्रोव्ह फाउंडेशनने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या (एनबीएफजीआर) साह्याने समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी उभी केली आहे. किनाऱ्यावरच्या लोकांना कांदळवन न तोडता उत्पन्न मिळावं, हा त्यामागचा विचार. म्हणजे हॅचरीतला मासा घेतला तर समुद्रातला मासा कमी होत नाही, उलट कुणाच्या तरी घरात चार पैसे जाऊ शकतात. दुकानात एकच प्रश्न विचारायचा, ‘पैदास कुठली?’ उत्तर टाळलं तर मासा तिथेच सोडायचा. हॅचरीतला मासा दाण्याचं खाद्य खायला शिकलेला असतो. पकडून आणलेला कधी कधी खातच नाही, आणि ब्रूक्लिनेला नावाचा त्वचारोग अशा माशांत जास्त दिसतो. त्यामुळे कुठलाही नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवलेला बरा.

पट्टेदार दोन पिल्लं एकदम घ्यावीत, तिसरं नको. दोघांत जे मोठं आणि दांडगं ते मादी होतं, दुसरं नर राहतं. मादी मेली तर नराचीच मादी होते. (चित्रपट शास्त्राला धरून काढला असता तर निमोच्या आईनंतर बाबांचीच आई झाली असती. हे मित्राने मुलीला सांगितलेलं नाही.) आणि समुद्रपुष्प, म्हणजे अ‍ॅनिमोन, लागतंच असं नाही. चित्रातली जोडी गोड दिसते, पण अ‍ॅनिमोनला मुरलेली टाकी आणि प्रखर प्रकाश लागतो. ते मेलं की सगळ्या पाण्याचा सत्यानाश करतं. माशाचं त्याच्यावाचून काही अडत नाही.

महाडमध्ये वेगळं काय?

तीन गोष्टी. उन्हाळा, पाऊस आणि डास.

क्लाउनफिशला २५ ते २७ अंश तापमान मानवतं. मे महिन्यात महाडच्या खोऱ्यात पारा चाळिशीकडे जातो, डोंगरांमुळे हवा कोंडते. पंख्याचा झोत पाण्यावर सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, पण बाष्पीभवन वाढतं आणि दमट हवेत तेवढाही फरक पडत नाही. म्हणजे चिलर आला. तो पाण्यातली उष्णता काढून खोलीतच टाकतो, बंद खोलीत ठेवला तर स्वतःशीच झगडत बसतो. ढोबळ हिशेब असा : २० वॉटचा पंप अहोरात्र, महिन्याला साधारण १४ युनिट. ६० वॉटचा दिवा रोज आठ तास, तेवढेच. १८० वॉटचा चिलर दहा तास चालला तर ५४. सगळे मिळून ८०च्या वर. घराचं बिल आधीच शंभर युनिटच्या उंबरठ्यावर असेल, तर ही भर वरच्या दराने पडते.

पावसाळ्यातली वीज हा त्याहून मोठा प्रश्न. १२ व्होल्ट, १५० एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात, प्रत्यक्षात बाराशे धरा. फक्त पंप आणि वेव्हमेकर मिळून ३० वॉट चालवले तर दीड दिवस निघतो. चिलर जोडला तर पाच-सहा तास. वीज गेली की मासा आधी उष्णतेने नाही, ऑक्सिजनवाचून जातो. त्यामुळे सेलवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच. आणि २२ जुलै २०२१? सावित्री, गांधारी आणि काळ नद्यांनी महाड आणि बिरवाडी परिसर बुडवला, वीज आणि फोन कित्येक दिवस नव्हते. त्या दिवसांत माणसं वाचवायची होती, माशांचं कुणी विचारलंही नसतं. तळमजल्यावर राहणाऱ्याने एवढं एकच कारण पुरेसं मानावं.

डासांचं आश्चर्य वाटेल, पण ते फार महत्त्वाचं. भिंतीत खुपसायच्या लिक्विड मशिनमध्ये आणि फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात. माणसाला त्यांचा त्रास कमी, माशाला ती अत्यंत विषारी. डब्यावर बारीक अक्षरात ‘मत्स्यालय झाकून ठेवा’ असं लिहिलेलं असतं. पण टाकीचा पंप आणि स्किमर त्याच खोलीतली हवा पाण्यात ओढतात, झाकून काय होणार? टाकीच्या खोलीत मच्छरदाणी, मशिन नाही. आणि वसाहतीतून घरी आलेल्या हातांनी थेट टाकीत हात घालायचा नाही, आधी कोपरापर्यंत धुवायचे, साबणाचा अंशही न ठेवता.

मुंबईहून मासा कसा आणायचा?

हॅचरीवाला किंवा दुकानदार ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत देतो. गोवा महामार्गाचा भरवसा धरू नये. रेल्वेने वीर स्थानकापर्यंत आणणं त्यापेक्षा बरं. पिशवीत प्रवासभर अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड साठतात. कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लधर्मी होतं आणि अमोनियाचा बराचसा भाग निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निसटतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पीएच ७वरून ८.२ला गेला तर विषारी भाग दहापटीहून अधिक वाढतो. म्हणून लांबच्या प्रवासानंतर पिशवी बंदच ठेवून टाकीत तरंगवायची, तापमान जुळलं की उघडायची आणि मग तासन्‌तास थेंब थेंब पाणी घालत बसायचं नाही. मासा हळुवार जाळीने उचलून टाकीत सोडायचा. पिशवीतलं पाणी मोरीत.

मग मित्राने काय ठरवलं?

तो तिसऱ्या मजल्यावर राहतो, घरी इन्व्हर्टर आहे, रोज संध्याकाळी सहाला घरी असतो. क्लाउनफिश वीस वर्षांहून जास्त जगल्याच्या नोंदी आहेत, हे ऐकून तो थोडा गप्प झाला. तेव्हा मुलगी सव्वीस वर्षांची असेल. पोलादपूरला राहणारी त्याची बहीण मात्र सरळ म्हणाली, आम्हाला गप्पीच बरे. दर पावसात वीज जाणाऱ्या घरासाठी तो निर्णय मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

मित्राने दसऱ्यानंतर शंभर लिटरची टाकी घेतली. प्रवाळ नाहीत, अ‍ॅनिमोन नाही, दगड सिरॅमिकचे. मुलगी रोज शाळेतून आल्यावर रिकाम्या टाकीसमोर बसते आणि बाबा चाचणीच्या नळीत थेंब टाकतो. परवाच्या फोटोत अमोनिया शून्य होता, नायट्राइट अजून जांभळं दाखवत होतं.