बटण दाबलं जातंय, पण अक्षर उमटत नाही

आजचा विषय बोटाच्या पेराएवढा आहे. लॅपटॉपचं एखादं बटण चालेनासं झालं तर काय करायचं?

एका बटणाने एवढं काय बिघडतं, असं वाटेल. मराठी टाइप करणाऱ्याला विचारा. इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 साली आणली. तिच्यात अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह इंग्रजी डीच्या बटणावर आहे, आणि शिफ्ट धरून तेच बटण दाबलं की ‘अ’ उमटतो. म्हणजे हे एक बटण गेलं की ‘अर्ज’चा ‘रज’ होतो, ‘प्रमाणपत्र’चं ‘परमाणपतर’ होतं आणि मेश्रामांचा मुलगा दाखल्यावर ‘मेशराम’ होऊन बसतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असेल, घाईत कुणी तसंच पुढे पाठवलं, तर ते नाव दुरुस्त करायला जे हेलपाटे पडतात, त्यापुढे लॅपटॉपची दुरुस्ती काहीच नाही.

तर बटण अडलं की लोक पहिलं काय करतात? पिन घेतात आणि बटण उचकटतात. तेवढं करू नका. आधी दोष कुठे आहे ते शोधा. बटणात आहे, आतल्या तारेत आहे, की नुसत्या सेटिंगमध्ये?

विंडोजमध्ये पडद्यावरचा कीबोर्ड असतो. विंडोजचं बटण, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा. (नेमकं ओच गेलं असेल तर माउसने सेटिंग्जमध्ये जा, ॲक्सेसिबिलिटीत कीबोर्ड सापडेल.) आता पडद्यावरच्या डीवर क्लिक करा. अक्षर नीट आलं, तर सेटिंग ठीक आहे, दोष खऱ्या बटणाकडे आहे. तिथेही चुकीचंच आलं, तर लॅपटॉप उघडायची गरजच नाही. दुसरी खूण म्हणजे बाहेरचा यूएसबी कीबोर्ड. कुणाचाही मागून आणा आणि जोडून बघा. त्याच्यावरही तोच घोळ झाला तर बटण निर्दोष आहे.

सेटिंगचे घोळ ठरलेले असतात. ॲट द रेटचं चिन्ह दाबलं आणि दुहेरी अवतरण आलं, तर भाषेच्या यादीत ब्रिटिश मांडणी शिरली आहे; ती काढून टाका. छोट्या लॅपटॉपवर जे, के, एल दाबल्यावर आकडे येतात, तो नम लॉक. बटण बराच वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षर येतच नसेल, तर फिल्टर कीज चालू झाल्या आहेत. उजवं शिफ्ट 8 सेकंद दाबून ठेवलं की त्या चालू करायच्या का असं विंडोज विचारतं, आणि आपण न वाचता ‘हो’ म्हणतो. पासवर्ड चालत नसेल तर कोपऱ्यात मराठी निवडलेली नाही ना, ते आधी बघा.

आता खरा दोष आतच आहे असं ठरलं. इथे मला आंधळगावात बोलण्याचा फायदा आहे, कारण हे कोशाच्या विणकरांचं गाव. कीबोर्डच्या पोटात प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांवर तारा छापलेल्या असतात, काही उभ्या, काही आडव्या. ताणा आणि बाणाच म्हणा. जिथे उभी आणि आडवी एकमेकींवरून जातात, तिथे एक बटण. दाबलं की दोन्ही टेकतात, आणि कोणती कोणाला टेकली यावरून आतली चिप अक्षर ओळखते. 8 आडव्या आणि 16 उभ्या, अशा 24 तारांत 128 जागा होतात. प्रत्येक बटणाला वेगळी तार ओढायला नको.

मागावर एका जागी गाठ पडली तर कापडात ठिपका दिसतो. ताण्याचा धागाच तुटला तर लांबच लांब रेघ दिसते. इथेही तसंच. एकच बटण गेलं असेल तर बहुधा त्याच्याखाली कचरा आहे किंवा त्याची रबराची टोपी फाटली आहे. चारपाच बटणं एकदम गेली, तर एखादी तार तुटली आहे किंवा आतली पट्टी सैल झाली आहे. ती बटणं वर शेजारीशेजारी असतीलच असं नाही, कारण आतल्या तारा वाकड्यातिकड्या फिरलेल्या असतात. अशा वेळी कितीही पुसा, उपयोग नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी बंद बटणांची यादी कागदावर लिहा. कारागिराला ‘कीबोर्ड खराब आहे’ यापेक्षा ती यादी जास्त कामाची.

एकच बटण असेल तर लॅपटॉप बंद करा, उभा तिरका धरा, हवेच्या डब्याने फुंका. तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते. चिकटलं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन कडेने फिरवा. चहा सांडला असेल तर गोष्ट वेगळी. ताबडतोब बंद, चार्जर काढायचा, बॅटरी निघत असेल तर तीही, आणि तंबूसारखा उलटा ठेवायचा. आपला जिल्हा भाताचा, म्हणून मुद्दाम सांगतो, तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदळाची भुकटी आत जाते. ॲपलने आयफोनसाठीच्या सूचनांत हे लिहूनच टाकलं आहे. आणि चहातलं पाणी उडतं, साखर राहते, म्हणून वाळल्यावर ‘चालतंय की’ म्हणून गप्प बसू नका; आतून साफ करून घ्या.

एक दुर्लक्षित गोष्ट. मधली बटणं वर आल्यासारखी वाटत असतील, तळ टेबलावर डुगडुगत असेल, तर कदाचित बॅटरी फुगली आहे. मग बटणाचा नाद सोडा. चार्ज करू नका, दाबू नका, सरळ दुरुस्तीला न्या.

उलटा त्रासही होतो. एकदा दाबलं की अक्षर दोनदा येतं, बारा आकडी आधार क्रमांक तेरा आकडी होतो. इथे मघाच्याच फिल्टर कीज कामाला येतात. लागोपाठ आलेला तोच आकडा दुर्लक्षित करायची सोय त्यांच्यातच आहे.

कीबोर्ड बदलायचाच झाला तर आधी विचारा, तो सुटा निघतो की वरच्या झाकणाला रिव्हेटने ठोकलेला आहे. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपांत ठोकलेलाच असतो, आणि मग झाकणासकट बदलल्यामुळे खर्च वाढतो.

आणि अर्ज आज रात्रीच भरायचा असेल तर? मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट मिळतं. त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये कॅप्स लॉकला डीचं काम देता येतं. मग इनस्क्रिप्टमध्ये पायही मोडतो आणि शिफ्टबरोबर ‘अ’ही मिळतो. फक्त सुरुवातीच्या पासवर्डच्या पडद्यावर ही सोय चालत नाही. तिथे खालच्या कोपऱ्यातल्या चिन्हावरून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा आणि माउसने टिपा.