बाबांची लाल पेन्सिल

२०१६ च्या नोव्हेंबरमध्ये बाबा आमच्याकडे हॅरोला आले होते. निवृत्त शिक्षक, त्यामुळे सकाळी चहाबरोबर पेपर हवाच. ४ तारखेला मी कोपऱ्यावरच्या दुकानातून तीन-चार पेपर आणून दिले. संसदेच्या मंजुरीशिवाय सरकारला ब्रेक्झिटची औपचारिक प्रक्रिया सुरू करता येणार नाही, असा निकाल आदल्या दिवशी हायकोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी दिला होता. बातमी एवढीच. पण 'डेली मेल'ने तिघांचे फोटो छापून मथळा दिला, 'जनतेचे शत्रू'! 'डेली टेलिग्राफ'ने 'न्यायमूर्ती विरुद्ध जनता' असा सामनाच लावला.

"अरे, ही बातमी की अग्रलेख?" बाबा चक्रावले.

मी म्हटलं, "बाबा, इथे बीबीसीसारख्या वाहिन्यांवर निःपक्षपाती राहण्याचं बंधन आहे, पेपरांवर नाही. फक्त मत, तर्क आणि वस्तुस्थिती यांतला फरक स्पष्ट दिसावा, असं संपादकांची आचारसंहिता सांगते."

"बघू या तर," म्हणत त्यांनी लाल पेन्सिल काढली आणि विशेषणं, क्रियापदं अधोरेखित करायला लागले. नेत्याने 'सांगितलं', 'दावा केला' की 'कबूल केलं'? विधान तेच, पण 'दावा' म्हटलं की शंका आलीच!

मग मी हळूच त्यांच्या नेहमीच्या मराठी पेपरचं पहिलं पान प्रिंट करून दिलं. त्या पेपरवरून आमचं फोनवर दोन वर्षं वाजत होतं. तो विकला गेलाय, असं मी म्हणायचो. तुला तिकडे बसून काय कळतंय, असं ते. शेवटी हवापाण्यापलीकडे बोलणंच उरलं नव्हतं.

पान लाल झालं. बाबा गप्प. मग म्हणाले, "इतकी वर्षं वाचतोय, कधी खटकलं नाही. आपल्या मनासारखं असलं की विशेषण दिसतच नाही रे. आता तू वाचतोस तो काढ."

माझंही पान काही कमी लाल झालं नाही.

"बाजू घेण्यात गैर नाही," बाबा म्हणाले. "'केसरी'त मतं जुळेनात, तेव्हा आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. पण मत हे मत म्हणूनच मांडलं पाहिजे."

आमची मतं आजही जुळत नाहीत. पण आता बाबा फोनवर आधी विचारतात, "तुझ्या पेपरात क्रियापद काय होतं?" आणि मग तासभर बोलणं होतं.