पडद्यावरचं कलम बांधणारे कारागीर



पीक-पाण्याच्या बैठकीत हल्ली एक वेगळाच प्रश्न हमखास निघतो. "साहेब, पोरगं व्हीएफएक्सचा कोर्स करायचा म्हणतंय. फी भारी आहे. कर्ज काढून भरावी का?" प्रश्न पैशाचा आहे आणि पोराच्या आयुष्याचाही. म्हणून आज खत-बियाणं बाजूला ठेवून या धंद्याची आणि त्यातल्या अवजाराची माहिती देत आहे.

सिनेमात नायक खोल दरीवर लोंबकळताना दिसतो. प्रत्यक्षात तो स्टुडिओत हिरव्या पडद्यापुढे दोरीला टांगलेला असतो. दरी दुसरीकडे टिपलेली, धुकं तिसरीकडचं, कोसळणारे दगड संगणकावर केलेले. हे सगळे थर जुळवून एकच चित्र करायचं, या कामाला कंपोझिटिंग म्हणतात. आपल्या भाषेत हे कलम बांधणंच झालं. खुंट गावठी आंब्याचा, काडी हापूसची, पण सांधा बसला की झाड एक. इथेही उजेड एकाच बाजूने यावा लागतो, सावली तेवढीच गडद लागते, कडा उघड्या पडून चालत नाही. पाहणाऱ्याला सांधा दिसला की मेहनत पाण्यात.

हे काम करणाऱ्यांचा आपल्या सॉफ्टवेअरवर फार जीव असतो. 'न्यूक' हे त्यातलं आज सिनेमाच्या कामात सर्वत्र चालणारं नाव. अमेरिकेतल्या डिजिटल डोमेन या कंपनीने १९९३ पासून ते स्वतःच्या कामासाठी घडवलं. २००२ मध्ये ते करणाऱ्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. २००७ पासून ते लंडनच्या फाउंड्री या कंपनीकडे आहे.

त्याची रीत पाटाच्या पाण्यासारखी आहे. विहिरीचं पाणी पाटाने येतं, वाटेत दारं असतात. तशी चित्रं एका टोकाकडून येतात आणि वाटेतला प्रत्येक 'नोड' एकेक काम करतो. एक हिरवा रंग काढतो, दुसरा उजेड कमी करतो, तिसरा धुकं घालतो. दिग्दर्शक म्हणाला धुकं जास्त झालं, तर फक्त त्या दाराशी जायचं. मूळ चित्राला धक्का लागत नाही. कालचा निर्णय आज बदलता येतो, म्हणून कारागिराला ते हवंहवंसं वाटतं.

पण अवजार दुसऱ्याच्या मालकीचं असलं की काय होतं, तेही पाहा. 'शेक' नावाचं असंच लाडकं सॉफ्टवेअर होतं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांचं काम त्यावर झालं. २००२ मध्ये ॲपलने ते बनवणारी कंपनी विकत घेतली. विंडोजवरची आवृत्ती बंद केली. २००६ मध्ये किंमत २,९९९ डॉलरवरून ४९९ वर आणली आणि २००९ मध्ये विक्रीच थांबवली. कारागीर न्यूककडे वळले. बटणं नवी शिकावी लागली, पण कडा, उजेड आणि सावली ओळखणारी नजर तीच कामी आली.

उलट उदाहरण 'ब्लेंडर'चं. नेदरलँड्समधली ती कंपनी २००२ मध्ये बंद पडली. देणेकऱ्यांनी सॉफ्टवेअर मोकळं करायला १ लाख युरो मागितले. टोन रूझेंडाल यांनी वापरणाऱ्यांकडे वर्गणी मागितली आणि सात आठवड्यांत रक्कम जमली. आज ब्लेंडर सर्वांना फुकट आहे, त्यात कंपोझिटिंगही करता येतं. 'फ्लो' हा लॅटव्हियाच्या दिग्दर्शकाचा चित्रपट त्याच्यावरच तयार झाला आणि २०२५ मध्ये त्याने ऑस्कर मिळवलं.

आता पालकांनी काय करावं?

१) फी भरण्याआधी सहा महिने ब्लेंडरवर हात बसू द्या. न्यूकची शिकण्यापुरती आवृत्तीही मोफत मिळते, मात्र तिच्यावर पैसे कमावता येत नाहीत.

२) पोराला एक काम द्या. आपल्या बैलजोडीचं मोबाईलवर चित्रण करून ते दुसऱ्याच शिवारात बसवायला सांगा. सांधा दिसतो का, ते घरच्यांनीच बघावं.

३) नव्या मुलाला बहुधा 'रोटो' मिळतं, म्हणजे चित्रातल्या माणसाची कड कापायची. सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं असतात, पाच सेकंदांची १२० झाली. एवढी बैठक आहे का, ते तपासा. हे काम आता संगणक स्वतःही करू लागला आहे, हेही ध्यानात ठेवा.

४) बाजाराचा भरवसा धरू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा मोठा जुना समूह कोसळला, तेव्हा बंगळूरू आणि मुंबईतली कार्यालयंही बंद पडली. एकाच पिकावर सगळं रान लावू नये, तसंच हे.

५) मागच्या वर्षीची मुलं कुठे लागली, किती पगारावर लागली, हे संस्थेकडून लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर पाऊल मागे घ्या.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक विनंती. वाचनालयात एक बऱ्यापैकी संगणक ठेवून त्यावर ब्लेंडर टाकून द्या. कोणाच्या पोराला खरी ओढ आहे आणि कोणाला नुसती हौस, हे सहा महिन्यांत गावालाच कळेल. मग पैसा घालायचा की नाही, ते ठरवणं सोपं जाईल.