जॅग्वार डी-टाइप : जळितापूर्वीची आणि नंतरची

जुन्या मोटारींच्या बाजारात पहिला प्रश्न असतो तो अस्सल की नक्कल, हा. जॅग्वार डी-टाइपच्या बाबतीत खुद्द मूळ कंपनीनेच त्याचा गुंता करून ठेवला आहे.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात १९५४ साली ही शर्यतीची मोटार तयार झाली. तिला आकार देणारा माल्कम सेयर विमानाच्या कारखान्यातून आलेला. वेगळ्या सांगाड्यावर पत्रा चढवण्याऐवजी मधल्या भागाचे कवचच भार पेलेल, अशी विमानाची युक्ती त्याने इथे वापरली. चालकाच्या डोक्यामागचा उभा पंख दिमाखासाठी नव्हता. फ्रान्समधल्या ल मान्सच्या लांबलचक सरळ रस्त्यावर मोटार भरकटू नये म्हणून होता. शिवाय डिस्क ब्रेक. प्रतिस्पर्धी मर्सिडीजला जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते, त्यामुळे डी-टाइप तिच्यापेक्षा कितीतरी कमी अंतरात वेग कमी करू शके.

हा गुणच ११ जून १९५५ रोजी एका भीषण अपघाताच्या साखळीतला दुवा ठरला. माइक हॉथॉर्नने लान्स मॅक्लिनच्या ऑस्टिन-हीलीला मागे टाकले आणि थांब्याकडे वळण्यासाठी ब्रेक दाबला. मॅक्लिन डावीकडे सरकला. मागून भरधाव आलेली पिएर लवेगची मर्सिडीज त्याच्या मोटारीवर चढून उडाली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. लवेगसह ऐंशीहून अधिक माणसे गेली. शर्यत थांबवली नाही. मर्सिडीजने रात्री माघार घेतली. जॅग्वार धावत राहिली आणि जिंकली. चौकशीत कुणा एका चालकावर ठपका आला नाही. दोष दिसला तो जुनाट, अरुंद मार्गात. तरीही जॅग्वारच्या विजयांच्या यादीत १९५५ हे साल नुसते छापले जाते, तेव्हा मला ते खटकते.

१९५६ आणि १९५७ चे विजय एकुरी एकोस या स्कॉटिश खासगी चमूचे. कंपनीचा स्वतःचा चमू १९५६ अखेर शर्यतींतून बाहेर पडला होता. १९५७ साली तर पहिले चारही क्रमांक डी-टाइपचे!

त्याच वर्षी, १२ फेब्रुवारीला, ब्राउन्स लेनच्या कारखान्यात आग लागली होती. न खपलेल्या डी-टाइपना दार आणि मोठी काच बसवून रस्त्यावर चालवण्याजोगी एक्सकेएसएस बनवली जात होती. ठरलेल्या पंचविसांपैकी नऊ मोटारी त्यात जळाल्या. तयार झाल्या सोळाच.

जॅग्वार २००८ पासून मुंबईच्या टाटा मोटर्सकडे आहे. तिने २०१६ साली त्या नऊ मोटारी नव्याने बांधण्याचे जाहीर केले. किंमत प्रत्येकी दहा लाख पौंडांहून जास्त. २०१८ साली डी-टाइपचीही पाळी आली : शंभर करायच्या होत्या, झाल्या होत्या पंचाहत्तर, तेव्हा उरलेल्या पंचवीस आता करू. जुने आराखडे काढले, शिल्लक मोटारींची मापे संगणकावर घेतली, पत्रा पूर्वीसारखा हातानेच घडवला.

कारागिरीबद्दल मला शंका नाही. मात्र हे पुनरुज्जीवन मोटारीचे नसून अपुऱ्या राहिलेल्या हिशेबाचे आहे, असे माझे मत. जुन्या शर्यतीच्या मोटारींचेही सुटे भाग वेळोवेळी बदलले जात, त्यामुळे केवळ जुन्या धातूवर अस्सलपणा ठरत नाही, हा कंपनीच्या बाजूचा युक्तिवाद मला मान्य आहे. पण त्या मोटारी कुणीतरी शर्यतीत, जीव धोक्यात घालून चालवल्या होत्या. नव्या मोटारींकडे आराखडा आहे, हा भूतकाळ नाही. कंपनीला ते जाणवले नसावे. नव्या नऊ एक्सकेएसएसना तिने सांगाड्याचे क्रमांक जुन्या नोंदवहीतलेच दिले.