सालिनासची पोरंसोरं

कॅलिफोर्नियातलं सालिनासचं खोरं म्हणजे लेट्यूस आणि स्ट्रॉबेरीचं आगर. तिथल्या वाफ्यांत दिवसभर वाकून राबणारी माणसं बहुतेक मेक्सिकोतून आलेली. १९९९-२००० मध्ये बर्कली विद्यापीठाच्या ब्रेंडा एस्केनाझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खोऱ्यातल्या ६०१ गरोदर बायकांना एका अभ्यासात सामावून घेतलं. अभ्यासाचं नाव ‘चामाकोस’, म्हणजे मेक्सिकन बोलीत पोरंसोरं.

पिकावर मारलेलं औषध (विषाला औषध म्हणायची सवय आपल्यालाही आहेच) आईबापांच्या कपड्यांना, बुटांना चिकटून घरात येतं आणि रांगत्या लेकराच्या हाताला लागतं. आयांच्या लघवीत ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांचे अंश मोजले गेले. मुलं सात वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धिचाचणी झाली. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : गरोदरपणी ज्यांच्या अंगात हे अंश सर्वांत जास्त, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सर्वांत कमी अंश असलेल्या आयांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी खाली होता. गरोदरपणी नमुने दिलेल्या आईला हे ऐकताना काय वाटलं असेल!

मला मात्र या प्रवासातला सर्वांत मोलाचा टप्पा २०१३ चा वाटतो. तोवर खोऱ्यातली शाळकरी मुलं युवा मंडळ करून संशोधकांच्या शेजारी बसू लागली होती. आपण रोज तोंडाला लावतो त्यात काय असतं, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. ‘एर्मोसा’ या अभ्यासात १०० मुलींनी तीन दिवस नेहमीची प्रसाधनं बाजूला ठेवून पॅराबेन, थॅलेट, ट्रायक्लोसान ही रसायनं नसल्याचं लेबल असलेली वापरली. अभ्यासाची आखणी, मुली गोळा करणं, नमुने घेणं, या सगळ्यात मंडळातल्या मुलांचा हात होता. तीनच दिवसांत मुलींच्या लघवीतलं मिथाइल पॅराबेन ४४ टक्क्यांनी आणि ट्रायक्लोसान ३६ टक्क्यांनी उतरलं. दोन पॅराबेन मात्र उलट वाढले, आणि तेही लपवलं गेलं नाही. म्हणूनच या आकड्यांवर माझा विश्वास बसतो.

हुमणी आणि वाळवीसाठी आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या ओळखीचं क्लोरपायरीफॉस हे ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक कॅलिफोर्नियात २०२० च्या अखेरीस जवळजवळ बंद झालं. त्यामागच्या पुराव्यांत सालिनासच्या आयांचे नमुनेही होते. पोटात असताना ज्यांच्यासाठी ते दिले होते, ती लेकरं तोवर विशीची झाली होती.